कॉलेजचं विद्यापीठ होतंय, मुलगी मोर्चाला निघालीय. हमीपत्रावर सही करू का?

हळदीचा_दिवाणजी (सांगली)

नमस्कार मंडळी. इथं मी नुसता वाचणारा माणूस. मागं एकदाच लिहिलं होतं, ते बोअरच्या मोटारीबद्दल. तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे, एकवीस वर्षं झाली. दोन मुली. थोरली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, धाकटीची यंदा बारावी. थोरलीचं कॉलेज खाजगी, विनाअनुदानित, घरापासून एस.टी.नं तासाभरावर. नाव विचारू नका.

तिला प्रवेश मिळाला २०२४ साली. त्याच वर्षी सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. आम्ही त्यात बसलो. पावतीवर 'शिक्षण शुल्क' या शब्दापुढं शून्य आलं. त्या शून्याचा फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. खाली विकास निधी, जिमखाना, 'इतर' हे लागलंच म्हणा, शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या पावतीत, आम्ही हमाली, तोलाई, वाराई लावतो तसं. पण मूळ आकडा शून्य म्हटल्यावर माणूस तेवढं सोसतो.

आता संस्थेनं जाहीर केलंय की येत्या वर्षापासून कॉलेजचं खाजगी विद्यापीठ होणार. पालकांची सभा झाली. प्रोजेक्टर, चहा, समोसा. उद्योगांना हवा तसा अभ्यासक्रम, आपली परीक्षा आपणच घेणार, परदेशी विद्यापीठांशी करार. सगळं ऐकून घेतलं आणि उभा राहून विचारलं, मुलींची फी माफी पुढं चालू राहणार का? उत्तर आलं, "सध्याच्या विद्यार्थ्यांना काहीही फरक पडणार नाही." मी म्हटलं, नव्यांचं काय? "सध्याच्या विद्यार्थ्यांना काहीही फरक पडणार नाही." तिसऱ्यांदाही तेच. मी आडतीत बसणारा माणूस. विचारलं एक आणि सांगितलं भलतंच, की समजायचं, पोत्यात तळाला माल ओला आहे.

घरी आल्यावर थोरलीनं शासन निर्णय काढून दाखवला. योजना कुठल्या कुठल्या कॉलेजांना लागू, ते सगळं लिहिलंय आणि पुढं कंसात एक ओळ: खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. म्हणजे तोच गेट, त्याच इमारती, तेच सर, पण पाटी बदलली की धाकटीला ते शून्य नाही.

पोरांनी येत्या मंगळवारी मोर्चा ठरवलाय. पुष्पराज चौकातून विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत. आणि काल पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कॉलेजकडून एक हमीपत्र आलं: 'माझा पाल्य कोणत्याही आंदोलनात सहभागी होणार नाही, झाल्यास होणाऱ्या कारवाईस मी जबाबदार राहीन.' शनिवारपर्यंत सही करून द्यायचंय. प्रिंट काढून आणलीय, सौद्याच्या वहीत घडी घालून ठेवलीय. नव्या हळदीचे सौदे चालू आहेत, वही दिवसातून पन्नास वेळा उघडतो, पन्नास वेळा तो कागद दिसतो.

घरात बायको म्हणते, थोरलीचं काही जात नाही, मग तिनं उन्हात कशाला जायचं? इंटर्नल मार्क सरांच्या हातात, प्लेसमेंट त्यांच्याच हातात. मलाही भीती तीच आहे. थोरलीला विचारलं तर म्हणाली, "पप्पा, माझं भागलं म्हणून गप्प बसू?" पलीकडच्या खोलीत धाकटी ऑरगॅनिक केमिस्ट्री पाठ करत होती. तिनं पाठांतर थांबवलेलं मला ऐकू आलं.

विचारायचं एवढंच. सही करू का? आणि असल्या मोर्चांतून कधी काही निघतं का, का नुसतं पोरांचं वर्ष वाया जातं? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा. टीव्हीवरचं मला नको.

इस्लामपूर_ते_हिंजवडी

काका, सही करा आणि विषय संपवा. कटू वाटेल, पण खरं सांगतो. कंपनी कॅम्पसला येते तेव्हा यादी प्लेसमेंट सेलच करतो. कुणाचं नाव का आलं नाही याचं कारण कधी लिहिलेलं नसतं. धाकटीला दुसरी कॉलेजं आहेत की. सीईटी चांगली गेली तर सरकारी मिळेल. दोन पोरींचं भलं एका मोर्चावर लावू नका.

झेरॉक्सवाला (सातारा)

दिवाणजी, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा म्हणालात म्हणून लिहितो. मोठं होईल, गिऱ्हाईक नाही सध्या.

साल २००३. मी साताऱ्यात बी.सी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विनाअनुदानित तुकडीत. त्या तुकडीची गंमत ठाऊक असेल तुम्हाला. वर्ग तोच, बाक तोच, नळ तोच, पण शेजारच्या अनुदानित तुकडीतला पोरगा वर्षाला भरतो ते आम्ही महिन्याला भरायचो. त्यात ऑगस्टमध्ये, प्रवेश उरकल्यावर, नोटीस लागली. ११,००० ची फी १६,५००. फरक दिवाळीच्या आत भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म नाही.

आम्ही एकेचाळीस जण पोर्चमध्ये बसलो. साताऱ्याचा ऑगस्ट म्हणजे अजिंक्यतारा आठ-आठ दिवस दिसत नाही. सतरंजी ओली, वह्या ओल्या. एकाच्या घरून आलेलं खिचडीचं पातेलं पुरवून पुरवून खायचो. तिसऱ्या दिवशी राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत मोर्चा काढला. घोषणा पाठ नव्हत्या, एका पोराच्या तळहातावर लिहिलेल्या आणि पावसानं पुसायला लागलेल्या. कलेक्टर कचेरीत एका साहेबांनी निवेदन घेतलं, शिक्का मारला, "वर पाठवतो" म्हणाले. पोच घ्यायची असते हे आम्हाला माहीतच नव्हतं. शिपायानं मागून हाक मारली, "पोरांनो, दुसरी प्रत कुठाय तुमची?" त्यानं शिकवलं ते. आज माझ्या दुकानात कुणी निवेदन टाईप करायला आला की मी न विचारता दोन प्रती काढतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आत बोलावलं. पाच जणांना. त्यात मी. चहा आला. सांगितलं, तुमचं म्हणणं मान्य, सध्याच्या बॅचला जुनीच फी राहील. लेटरहेडवर टाईप करून दिलं, तीन ओळी, खाली सही, निळा शिक्का. बाहेर येऊन वाचून दाखवलं तर पोरं नाचली. कुणीतरी पळत जाऊन कंदी पेढे आणले. सगळ्या कॉलेजात वाटले.

त्या तीन ओळींतली तिसरी ओळ अशी होती: 'नवीन प्रवेशितांना सुधारित शुल्क लागू राहील.'

नवीन प्रवेशित म्हणजे प्रथम वर्षाची पोरं. नुकती आलेली, दीड महिना झालेला. तीही आमच्याबरोबर ओल्या सतरंजीवर बसली होती. मी स्वतः एका पोराच्या हातात पेढा ठेवला, कोरेगावकडचा होता, कानावर पेन लावून फिरायचा. त्यानं खाल्ला, हात पँटला पुसला आणि विचारलं, "म्हणजे आपलं झालं ना?" मी म्हटलं, झालं. मला तिसरी ओळ ठाऊक होती, दिवाणजी. आत बसून मीच ती वाचून मान हलवली होती.

तो दुसऱ्या वर्षाला आला नाही. फीमुळेच की दुसरं काही, मला माहीत नाही. विचारलंच नाही कधी.

आता तुमच्या सभेतलं ते वाक्य परत वाचा. सध्याच्या विद्यार्थ्यांना काही फरक पडणार नाही. तेवीस वर्षांत शब्दसुद्धा बदलला नाही. संस्थेला घाई नसते. विद्यार्थी तीन-चार वर्षांत जातो, संस्था तिथंच बसलेली असते. आज जे आहेत त्यांचं भागवलं की आंदोलन करायला माणूस उरत नाही, आणि ज्यांचं जाणार आहे ते अजून बारावीचा अभ्यास करत असतात. तुमच्या मुलीला हे विसाव्या वर्षी कळलं. मला कळेपर्यंत पेढे संपले होते.

साताऱ्यात बसून हे लिहिताना बरं वाटत नाही. १९४७ साली कर्मवीर अण्णांनी इथं छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका' म्हणून. पैसे नाहीत? मग श्रम कर आणि शिक. दारात आलेल्या पोराला परत पाठवायचं नाही, एवढंच बघितलं. आता दारात आलेल्या पोराला कर्जाचा फॉर्म देतात. झेरॉक्स माझ्याकडंच काढतात.

कामाचं सांगतो. हमीपत्र कुठल्या नियमाखाली मागताय, ते लेखी मागा. जावक क्रमांक आहे का बघा. पोलीस ठाण्यात मोर्चाचा अर्ज पोरांनी दिलाय का विचारा, मार्ग आणि वेळ लिहून. आपल्याकडं जमावबंदीचे आदेश अधूनमधून लागू असतात, नसती कलमं लागायला नकोत. आणि कलेक्टर कचेरीवर जा, जरूर जा, पण खाजगी विद्यापीठ कलेक्टरच्या सहीनं होत नाही. विधिमंडळात कायद्यानं होतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराच्या घरी एक-एक निवेदन गेलं पाहिजे. पोचेसकट.

निवृत्त_अधीक्षक

मी एका शिक्षण संस्थेत एकतीस वर्षं कार्यालयात काढली, शेवटी अधीक्षक होतो. त्यामुळे मला शिव्या बसणार हे धरून लिहितो.

झेरॉक्सवाले, तुमची हकिगत खरी असेल, पण टेबलाच्या अलीकडची बाजूही ऐका. विनाअनुदानित म्हणजे प्राध्यापकाचा पगार, विजेचं बिल, प्रयोगशाळेतलं अॅसिड, सगळं फीमधून. २००१ पासून नव्या तुकड्यांना परवानगी मिळाली ती 'कायम विनाअनुदानित' म्हणूनच. त्यातला 'कायम' शब्द कुणी संस्थाचालकानं लिहिलेला नाही. शिष्यवृत्तीचे पैसे सरकारकडून यायला वर्ष-वर्ष लागतं. तोवर पगार कुठून करायचा? मी दर मार्चला हे कोडं सोडवलंय. मग एखादी संस्था म्हणते, नको ती सरकारकडून फीची प्रतिपूर्ती, नको ती फी ठरवणारी शुल्क समिती, आम्हाला विद्यापीठच करा.

आणि हे सगळं सुरू कुठून झालं ते सांगलीकरांनी तरी विसरू नये. १९८३ साली वसंतदादांनी मुख्यमंत्री असताना खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तेव्हा आपल्याकडची पोरं देणग्या भरून कर्नाटकात शिकायला जायची. तो पैसा आणि ती पोरं इथंच राहू देत, हा व्यवहारी विचार होता. त्यातून हजारो शेतकऱ्यांची मुलं इंजिनिअर झाली. माझा जावई त्यातलाच.

हमीपत्राबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. आमच्या काळातही असले कागद निघायचे. काढणाऱ्याला ते टिकणारे नाहीत हे माहीत असतं. पालक घाबरला तर बरंच, एवढाच हिशोब.

तासिका_तत्त्व (कराड)

अधीक्षक साहेब, फीमधून पगार होतो म्हणालात, म्हणून लिहिते. मी राज्यशास्त्र शिकवते, घड्याळी तासावर. अकरावं वर्ष. फी वाढली की माझा तास वाढला असं एकदाही झालेलं नाही. उन्हाळ्यात तर माझी नोकरीच नसते. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, समोर तेच चेहरे, "आपलं नाव?" असं गंभीरपणे विचारतात.

दिवाणजी, तुमच्या बायकोचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. जिचं जात नाही तिनं का जायचं?

२०१५ साली मी दिल्लीत एम.फिल. करत होते. केंद्रीय विद्यापीठांत नेट परीक्षा पास नसलेल्या संशोधकांना फेलोशिप मिळायची, एम.फिल.ला महिना ५,०००, पीएच.डी.ला ८,०००. ऑक्टोबरमध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, ती बंद करायचं ठरवलं. आणि खुलासा काय? आधीपासून मिळतेय त्यांची चालू राहील. तरी आम्ही यूजीसीच्या दारात रस्त्यावर जाऊन बसलो. माझे पैसे सुरक्षित होते. खरं सांगायचं तर पहिल्या रात्री मी मैत्रिणीला सोबत म्हणून गेले होते, तत्त्व वगैरे काही नव्हतं. पहाटे थंडीत एका बिहारी मुलानं आपली चादर अर्धी दिली. तो तेव्हा एम.ए.ला होता, म्हणजे फेलोशिप मिळायची असती तर ती त्याला पुढं मिळायची होती. त्यानंतर मी रोज गेले. सरकारनं समिती नेमली, फेलोशिप चालू राहिली. रक्कम वाढवा म्हणत होतो, ते काही झालं नाही. अर्धं मिळालं म्हणा.

इंग्लंडात २०१० साली फीची मर्यादा ३,२९० पौंडांवरून ९,००० वर न्यायचं ठरलं. लागू होणार होती २०१२ पासून प्रवेश घेणाऱ्यांना. म्हणजे नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रस्त्यावर उतरलेल्या कॉलेजच्या बहुतेक पोरांना ती भरायचीच नव्हती, ती भरायची होती त्यांच्याबरोबर चालणाऱ्या शाळकरी पोरांना. ९ डिसेंबरला संसदेत मतदान झालं, ३२३ विरुद्ध ३०२. पोरं हरली, फी लागू झाली. फक्त, ज्या लिबरल डेमोक्रॅट पक्षानं फी वाढवू देणार नाही असं लिहून सह्या दिल्या होत्या आणि सत्तेत गेल्यावर शब्द फिरवला, त्याचे ५७ खासदार होते ते २०१५ च्या निवडणुकीत ८ राहिले. लिहून दिलेला कागद लोक जपून ठेवतात, हे झेरॉक्सवाल्यांना वेगळं सांगायला नको.

जेएनयूत २०१९ मध्ये वसतिगृहातल्या एकट्याच्या खोलीचं भाडं महिना २० चं ६०० केलं, दोघांच्या खोलीचं १० चं ३००. बाहेरचे हसले, वीस रुपयांत कुठं खोली मिळते म्हणून. पोरं रस्त्यावर आल्यावर सवलत जाहीर झाली, पण दारिद्र्यरेषेखालच्यांनाच. पुन्हा तेच, थोड्यांचं भागवा, बाकीचे आपोआप गप्प होतात.

चिलीचं मी दरवर्षी वर्गात सांगते. तिथं लष्करी राजवटीनं १९८१ साली शिक्षण बाजारावर सोडलं. २००६ मध्ये रस्त्यावर आली ती शाळेची पोरं, काळ्या-पांढऱ्या गणवेशामुळं लोक त्यांना पेंग्विन म्हणायचे. हाती फार लागलं नाही. पाच वर्षांनी, २०११ मध्ये, विद्यापीठांतून पुन्हा उठाव झाला, पेंग्विनांतले कितीतरी तोवर विद्यापीठात पोचले होते. गरीब निम्म्या घरांतल्या पोरांना मोफत उच्च शिक्षण सुरू झालं २०१६ मध्ये. २०११ च्या नेत्यांपैकी गाब्रिएल बोरिच २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. दहा वर्षं लागली, दिवाणजी. जो २००६ ला शाळेतून बाहेर पडला त्याला त्या मोफत शिक्षणाचा काडीचा उपयोग नव्हता.

तुमच्या मुलीच्या मार्कांचं मी हसण्यावारी नेणार नाही. त्रास देणारे देतात. पण एकटीला देता येतो. वर्गातल्या साठ जणी गेल्या तर साठ जणींचे इंटर्नल कोण कापणार? ती एकटी जातेय की वर्ग जातोय, हे आधी विचारा. एकटी असेल तर मीसुद्धा थांब म्हणेन.

मिरजेचा_पोरगा

मॅडम, छान लिहिलंत. थोडी भर घालतो, मी सध्या स्टुटगार्टला आहे. जर्मनीत २००५ च्या कोर्टाच्या निकालानंतर बऱ्याच राज्यांनी सहामाहीला ५०० युरोपर्यंत फी लावली होती. २०१४ पर्यंत ती सगळीकडून गेली. बव्हेरियात तर मोर्च्यांपेक्षा सह्यांनी गेली. जानेवारी २०१३ मध्ये दोन आठवड्यांत राज्यातल्या दहा टक्के मतदारांनी स्वतः नगरपालिकेत जाऊन सही करायची, अशी अट होती. बर्फातून म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी जाऊन सह्या केल्या, दहा टक्क्यांच्या वर. मग विधानसभेनंच फी काढून टाकली.

पण गंमत ऐका. मी ज्या राज्यात आहे तिथं २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या पोरांना सहामाहीला १,५०० युरो. शेजारच्या बाकावरच्या जर्मन पोराला शून्य. त्याला एकदा म्हटलं, तुम्ही आमच्यासाठी का नाही उतरलात रस्त्यावर? तो बिचारा मनापासून म्हणाला, "अरे, तुम्हाला फी आहे हे मला माहीतच नव्हतं."

इस्लामपूर_ते_हिंजवडी

ठीक आहे, मी माझं मत बदललेलं नाही. पण वर तिसऱ्या ओळीचं वाचून जरा गप्प झालो. आमच्या कॉलेजातही असंच एक पत्र निघालं होतं. मी जुन्या फीच्या बाजूला होतो.

हळदीचा_दिवाणजी (सांगली)

सगळ्यांचे आभार. दोन दिवस सौद्यांच्या गडबडीत उत्तर देता आलं नाही, आवक फार आहे.

तासिका मॅडम, विचारलं. एकटी नाही. तिच्या वर्गातल्या मुलींच्या सह्यांचा कागद बघितला, बावन्न आहेत. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, पोच आहे. ती पोच मला दाखवताना तिचा चेहरा बघायला हवा होता.

शुक्रवारी दुपारी मालकांकडून दोन तास सुट्टी घेऊन हमीपत्र घेऊन कॉलेजात गेलो. खिडकीवर एक तरुण क्लार्क होता. म्हटलं, साहेब, हे कुठल्या नियमाखाली आहे तेवढं खाली लिहून द्या, लगेच सही करतो. तो म्हणाला, "वरून आलंय." म्हटलं, वरून म्हणजे कुणाकडून? जावक क्रमांक कुठं आहे यावर? त्यानं कागद उलटा करून बघितला, जणू मागं असेल. मग मी म्हटलं, मी एकवीस वर्षं पट्ट्या लिहितोय, नंबर नसलेल्या पट्टीवर अंगठासुद्धा घेत नाही. आणि माझाही एक अर्ज आहे, तो घ्या. अर्जात एकच प्रश्न लिहिला होता, येत्या जूनमध्ये माझ्या धाकट्या मुलीनं इथं प्रवेश घेतला तर तिला फी माफी मिळणार की नाही, हो किंवा नाही लेखी कळवा. दोन प्रती नेल्या होत्या. त्यानं आत जाऊन विचारलं, बराच वेळ लावला, मग शिक्का मारून एक प्रत परत दिली. हळू आवाजात म्हणाला, "काका, माझी बहीणपण बारावीला आहे."

हमीपत्र तसंच वहीत आहे, कोरं.

अधीक्षक साहेब, तुमचं पटलं नाही असं नाही. शिष्यवृत्ती वेळेवर द्या हीसुद्धा मागणी निवेदनात घालायला थोरलीला सांगितलंय. तिनं घातली, जरा नाक मुरडून.

बायको अजून नाराज आहे. पण मंगळवारी किती वाजता निघायचं आणि पाणी किती न्यायचं हे तिनंच विचारलं.

झेरॉक्सवाले, एक विनंती. ते तीन ओळींचं पत्र अजून तुमच्याकडं असेल तर त्याची एक प्रत मिळेल का? थोरलीला आणि तिच्याबरोबरच्या पाच जणांना दाखवायचीय, आत चहाला बोलावायच्या आधी.

झेरॉक्सवाला (सातारा)

आहे. काउंटरच्या काचेखाली आहे. पत्ता व्यनि करा. शिक्का निळा आहे, रंगीत काढून पाठवतो. सहा प्रती.